लाइनचे अर्थ, आणि पिंपळझरीचा एक तास

मानेवाडा, नागपूर
रविवार, ६ जुलै २०२५

ती. आबाजींस,
नात उन्नतीचा सा. न. वि. वि.

परवाचा फोन आठवतो ना? मी इकडून ओरडत होते, तुम्ही तिकडून ओरडत होता, तुमच्या कानाचं मशीन मधूनमधून शिट्टी मारत होतं, आणि शेजारच्या काकू पाहायला आल्या की या घरात भांडण काहून सुरू आहे. शेवटी आईचा हुकूम झाला की आबाजींशी बोलायचं असेल तर पत्र लिही. म्हणून आयुष्यातलं पहिलं अंतर्देशीय घेऊन बसले आहे. आजीचा गुडघा कसा आहे ते आधी कळवा, मग बाकीचं.

आता कामाचं. आमच्या भाषाविज्ञानाच्या मॅडमनी एम.ए.च्या वर्गाला एक विचित्र काम दिलंय. घरात रुळलेला एकच इंग्रजी शब्द घ्यायचा आणि आपली माणसं तो किती अर्थांनी वापरतात ते गोळा करायचं. डिक्शनरी उघडायला बंदी. प्रत्येक अर्थाशेजारी तो कोण बोललं, कुठे बोललं, हे लिहायचं. कोणी ‘टाइम’ घेतला, कोणी ‘फ्री’ घेतला. मी ‘लाइन’ घेतला, आणि त्याला कारण तुमची लाडकी लेक, म्हणजे माझी आई. त्या दिवशी सकाळच्या एका तासात तिनं लाइन गेली म्हणून पंख्याकडे पाहिलं, स्वानंदला राशनच्या लाइनीत पिटाळलं, तो जाताना कुरकुरला तेव्हा हे पोट्टं कधी लाइनीले लागते कोण जाणे म्हणाली, आणि बसस्टॉपवर रोज उभं राहणारं ते पोरगं तुझ्यावर लाइन मारते का, असं मला चहा गाळता गाळता विचारलं. चार लाइनी, चार अर्थ, आणि बोलणारीला पत्ताच नाही.

तुम्ही जन्मभर विजेच्या लाइनीवर नोकरी केली. कन्हानच्या बाजारात काय काय कानावर येतं ते पाठवा. आणि कानाचं मशीन लावून जा, आजीच्या डब्यात ठेवून नको.

आजीला नमस्कार. उत्तर दोन ओळींचं आलं तर मी रुसणार आहे.

तुमची,
उन्नती


कन्हान
शनिवार, १२ जुलै २०२५

चि. उन्नतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनने हातात दिलं तेव्हा त्यालाच जास्त नवल वाटलं. म्हणे, बँकेचं नाही, कोर्टाचं नाही, मग आहे तरी कोणाचं. तुझ्या आजीनं ते दोनदा वाचलं. गुडघा दुखतोच आहे, पण तेल लावून देणारा फुकटचा माणूस घरात असल्यामुळे तिची तक्रार नाही.

मी तुझं काम ड्यूटीसारखं घेतलं आहे. चोवीस वर्षं सबस्टेशनला ऑपरेटर होतो, दर तासाला रजिस्टर भरायची सवय अजून हातातून जात नाही. म्हणून वेळेसकट लिहितो.

सोमवार, सकाळी ८.१०, न्हाव्याचं दुकान. कल्ल्यांची लाइन सरळ काढू का, असं त्यानं विचारलं. मंगळवार, १०.३०, शेजारचं बांधकाम. गवंडी लाइनदोरीसाठी ओरडत होता, दोरी कुत्र्यानं नेली होती. त्याच दिवशी दुपारी एक बाई सांगत होती की तिचा नवरा लाइनवर गेला आहे. मला वाटलं आमच्या खात्याचा आहे, तर तो ट्रक ड्रायव्हर निघाला आणि रायपूरकडे गेलेला. बुधवारी खाणीतल्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं की तो जुन्या लाइनीत राहतो, म्हणजे क्वार्टरांच्या रांगेत. त्याच्याच बायकोनं लाइनच्या पलीकडं भाजी स्वस्त मिळते म्हटलं, ती लाइन रेल्वेची. नवरा एका लाइनीत राहतो आणि बायको दुसऱ्या लाइनीपलीकडं जाते, आणि दोघांचं एकमेकांना बरोबर समजते. गुरुवारी एका मुलीच्या बापानं पोरगा कोणत्या लाइनीत आहे असं विचारलं. पोराचा काका म्हणाला मेडिकल लाइनीत. नंतर कळलं, औषधाच्या दुकानात गठ्ठे सोडते.

लाइन मारण्याबद्दल तुझ्या आजीचं म्हणणं असं की आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी तिला रामटेकच्या जत्रेची आठवण करून दिली. त्यावर ती जी स्वयंपाकघरात गेली ती भाजी करपेपर्यंत बाहेर आली नाही.

खालची एक ओळ खोडली आहे, तिकडे लक्ष देऊ नको. तुझ्या आईला, कामिनीला सांग, स्वानंदच्या मागे फार लागू नको. तिचा भाऊही उशिराच लाइनीले लागला होता.

तुझा,
आबाजी


मानेवाडा, नागपूर
शुक्रवार, १८ जुलै २०२५

ती. आबाजींस,
सा. न. वि. वि.

तुमची यादी मी वर्गात वाचली. मेडिकल लाइनीवर मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. पण एक गोष्ट सांगते, रागावू नका. लक्ष देऊ नको म्हटलं की माझं लक्ष तिथंच जातं, हे तुम्हाला माझ्या लहानपणापासून माहीत आहे. खोडलेला कागद मी खिडकीच्या उजेडात धरला. ‘लाइन क्लिअर’ असं वाचता येतं, आणि पुढे एक नाव आहे, ताराचंद.

आईला विचारलं. ती भांडी घासत होती, ती थांबली. म्हणाली, ताराचंदकाका म्हणजे आबाजींचा जिवाचा दोस्त, पिंपळझरीच्या सबस्टेशनला लाइनमन होते, दर पोळ्याला आपल्याकडे जेवायला यायचे. मग एक दिवस आबाजी घरी आले, दोन दिवस जेवले नाहीत, आणि त्यानंतर ते नाव आपल्या घरात कोणी घेतलं नाही. तिनं मलाही विचारू नको म्हणून बजावलं आहे.

तरी मी विचारते. लाइन क्लिअर म्हणजे काय? आणि ते लिहून तुम्ही खोडलं काहून? मॅडमना दाखवण्यासाठी नाही विचारत. नोकरीच्या इतक्या गोष्टी तुम्ही आम्हाला रंगवून सांगितल्या, त्यात ही एकही वेळा आली नाही, म्हणून विचारते.

सांगायचं नसेल तर तसं एका ओळीत लिहा. मी ऐकेन, म्हणजे ऐकायचा प्रयत्न करीन.

तुमची,
उन्नती


कन्हान
शुक्रवार, २५ जुलै २०२५

चि. उन्नतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस उशाखाली होतं. आजी म्हणाली, एवढं मोठं झालेलं लेकरू विचारून राहिलं तर सांगून टाका. म्हणून सांगतो.

लाइनमनला तारेवर काम करायचं असलं की तो आधी ऑपरेटरकडून लाइन क्लिअर घेतो. ऑपरेटर लाइन बंद करतो, कुलूप लावतो, रजिस्टरात वेळ टाकतो, किती माणसं कामाला गेली ते लिहितो, लाइनमन सही करतो. काम झालं की त्याच माणसानं परत यायचं. ऑपरेटरनं विचारायचं, माणसं किती उतरली. त्यानं आकडा सांगायचा, सही करायची, आणि मगच लाइन सुरू. ज्यानं घेतली त्यानंच परत करायची. निरोप चालत नाही, चिठ्ठी चालत नाही, सख्खा भाऊ आला तरी चालत नाही. हा नियम माणसं जळाल्यावर झालेला आहे.

१९९४ चा डिसेंबर होता. ताराचंदनं सकाळी आठ वाजता लाइन क्लिअर घेतली. काम दोन तासांचं. दहा वाजता त्याच्या गावाहून माणूस आला की वडील गेले. तो तसाच सायकल घेऊन निघाला. बारा वाजता त्याचा चुलतभाऊ चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला. ताराचंदचंच अक्षर, त्याचीच सही. काम झालं, सगळी माणसं उतरली, लाइन सोडा. मी सोडली नाही. म्हटलं, त्यालाच यावं लागेल.

गव्हाला पाणी द्यायचे दिवस होते. सात गावांच्या मोटारी बंद. दोनपर्यंत फाटकावर शंभर माणूस जमला. कोणी शिव्या दिल्या, कोणी हात जोडले. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले तुमच्या जबाबदारीवर काय ते करा. मी कुलपाची किल्ली मुठीत धरून बसलो. चार वाजता ताराचंद आला. बापाला अग्नी देऊन, नदीवर आंघोळ करून, ओल्या कपड्यांनी. मी रजिस्टर पुढे केलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, माणसं किती उतरली. त्यानं पेन हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं, पेन ठेवलं आणि सायकल काढून निघून गेला. तासाभरानं परत आला, सही केली आणि गेला. तो आमचा शेवटचा दिवस.

गावात बोललं गेलं की रामाजीनं बापाच्या सरणावरून पोराले सहीसाठी ओढून आणलं. माझी चौकशी झाली, तीन महिन्यांत लांब बदली झाली. त्याचं मला काही नाही. पण तो एक तास मला समजला नाही, पोरी. मला वाटते त्यानं मला शिक्षा केली. तू मला चितेवरून बोलावलं, आता तू बस एक तास शिव्या खात. नियम बरोबर होता हे मला माहीत आहे. पण त्याच्या हस्ताक्षरावर माझा भरवसा नव्हता असं त्याला वाटलं असेल, तर तेही बरोबर आहे. तीस वर्षं झाली. मी माणूस म्हणून चुकलो का, हे फक्त तो सांगू शकतो, आणि त्याला विचारायला जायची माझी हिंमत नाही.

तो आता कामठीत मुलाकडे असतो असं ऐकतो. मुलाचं लूमच्या सामानाचं दुकान आहे. इथून पूल ओलांडला की कामठी. तू मात्र तिकडे जाऊ नको.

तुझा,
आबाजी


मानेवाडा, नागपूर
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

ती. आबाजींस,
सा. न. वि. वि.

मी गेले. आधी हे लिहून टाकते, म्हणजे रागवायचं असेल तर तुम्ही इथंच रागावून घ्याल आणि पुढचं शांतपणे वाचाल.

काल शेअर ऑटोनं कामठीला उतरले. लूमच्या सामानाचं दुकान विचारलं तर तिथे गल्लीभर तीच दुकानं. पाचव्या दुकानात, जुने लाइनमन इथे राहतात का म्हटल्यावर एका माणसानं आत बाबांना हाक मारली. ताराचंदकाका उंच आहेत, थोडे वाकलेत, पांढऱ्या मिशा. मी लबाडी केली. कॉलेजचं काम आहे, लाइन शब्दाचे अर्थ हवेत, एवढंच सांगितलं. ते खूश झाले. लाइन मेली, लाइन जिवंत आहे, लाइन झोपली म्हणजे तार खाली लोंबली, लाइन शिंकते म्हणजे ठिणग्या पडतात, असे मला कोणीही न सांगितलेले अर्थ त्यांनी दिले. काकूंनी पोहे दिले. मग वहीत बोलणाऱ्याचं नाव लिहायचं असतं म्हणून मी पूर्ण नाव विचारलं, आणि त्यांनी माझं विचारलं. मग मला खोटं बोलता आलं नाही. कन्हानच्या रामाजींची नात, असं सांगितलं.

आबाजी, ते रागावले नाहीत. ते उठून उभे राहिले. मग बसले. रामभाऊ आहे ना अजून, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. मी सांगितलं, आहेत, ऐकू येत नाही फक्त. मी त्या तासाबद्दल विचारायचा प्रयत्न केला. ते म्हणाले की हे नातीजवळ सांगून भागायचं नाही, ज्याचं त्यालेच सांगावं लागते. तुमचा पत्ता मागितला. मी दिला.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. त्या हळूच म्हणाल्या की डिसेंबर आला की हे कोणाशी बोलत नाहीत, आणि सासऱ्यांच्या श्राद्धाच्या दिवशी दोन पानं वाढून ठेवतात, एक वडिलांचं, दुसरं कोणाचं ते तीस वर्षांत त्यांना सांगितलेलं नाही.

मला घरी येईपर्यंत भीती वाटत होती की मी काहीतरी मोडलं. आईला अजून सांगितलं नाही. तुम्ही रागावला असाल तर आजीच्या हातून एक कोरं कार्ड टाका, मी समजेन.

तुमची चुकलेली,
उन्नती


कामठी
९ ऑगस्ट २०२५

रा. रा. रामभाऊ यांस,
ताराचंदचा नमस्कार.

तुझी नात येऊन गेली. तुझ्यासारखीच आहे, पुरं विचारल्याशिवाय उठत नाही. ती म्हणते तुले ऐकू येत नाही. म्हणून आधी लिहून राहिलो, अन् खरं सांगतो, तोंडावर सांगाची माझी छाती नाही. तू वाचून घे. मग तू म्हणशीन तर येतो.

त्या दिवशी मी तीन माणसं घेऊन गेलो होतो. दोघं माझ्यासंग होते. तिसरा आपला भैय्याजी. त्याले मी नाल्याकडच्या खांबावर पाठवलं होतं, तीन किलोमीटर दूर, फुटलेलं इन्सुलेटर बदलाले. बाप गेल्याचा निरोप आला अन् माझ्या डोक्यातून सगळं गेलं. संगच्या दोघांले खाली उतरवलं, त्यायले घरी जा म्हटलं. घरी बाप आंगणात निजवला होता. बाया रडून राहिल्या होत्या. कोणीतरी म्हणालं सात गावं बंद आहेत, लाइन सोडाले सांग. मी चिठ्ठी लिहिली. सगळी माणसं उतरली असं माझ्या हातानं लिहिलं. भैय्याजी मले आठवलाच नाही गा. तो वर होता.

तू चिठ्ठी परत पाठवली तेव्हा मी तुले लई शिव्या घातल्या. बापाच्या चितेसमोर घातल्या. चार वाजता तुझ्या समोर आलो ते तुले मारावं या इराद्यानं आलो होतो. तू रजिस्टर पुढं केलं अन् विचारलं माणसं किती उतरली. मी ‘दोन’ सांगाले तोंड उघडलं. वर माझ्याच सहीजवळ तीन लिहिलं होतं.

तो एक तास मी सायकलवर होतो रामभाऊ. नाल्याकडं गेलो तं तो अजून वरच होता. त्यानं दुपारपर्यंत एक खांब केला, मग दुसरा बी फुटका दिसला म्हणून त्याच्यावर चढला. वरून मले म्हणे, अजून दहा मिनिटं लागतीन. मी खाली चिखलात बसलो. त्याले काही समजे ना. तो उतरला तवा त्याचे पाय धरले.

त्यानं कोणाले सांगितलं नाही, कारण माझी नोकरी गेली असती. मी बी सांगितलं नाही. तुझ्यावर चौकशी बसली तवा मले तोंड उघडाचं होतं. बायको पोटुशी होती, मी भ्यालो. लोकायनं तुले वाईट म्हटलं ते मी ऐकत उभा राहिलो. तुले वाटलं असंन मी रागावलो. मी तुह्या समोर याच्या लायक नव्हतो. पहिलं वर्ष गेलं, मग दहा गेले, मग जाणं होतच नाही.

तू चुकला नाही. मी चुकलो. एवढं सांगाले मले तीस वर्षं लागली. माफी चिठ्ठीनं मागत नाही, ते तुझ्या दारात येऊन मागीन. ये म्हण फक्त.

तुझा,
ताराचंद


कन्हान
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

चि. उन्नतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कोरं कार्ड पाठवलं नाही, कारण मी रागावलो नव्हतो. रागावलो होतो, पण दीड दिवसच. मग ताराचंदचं पत्र आलं. ते सोबत पाठवतो, वाचून जपून परत कर. तुझ्या आईलाही दाखव, तिला त्या दोन दिवसांचं कारण कळायला पाहिजे.

मी त्याला दुसऱ्याच दिवशी कार्ड टाकलं. त्यावर फक्त ‘ये’ लिहिलं. आजी म्हणाली निदान तब्येतीचं तरी विचारा. मी म्हटलं तब्येत घेऊनच येईल.

काल सकाळी अकराला फाटकासमोर गाडी थांबली. आधी ताराचंद उतरला. मी त्याला ओळखलं नाही, त्यानंही मला ओळखलं नसावं, कारण तो माझ्यामागे कोणाला तरी शोधत होता. मग त्यानं माझा हात धरला आणि बोलायला लागला. मशीननं नेमकी शिट्टी मारली. मी ते काढून खिशात टाकलं. काय बोलला ते मला एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि मी त्याला थांबवलंही नाही. बोलून झालं तेव्हा आम्ही दोघं खाटेवर बसलो. आजीनं पाटोडीची भाजी केली होती. तो पहिल्यासारखाच जेवतो, तिखट लागलं की नाक पुसतो आणि पुन्हा वाढून घेतो.

तुझ्या वहीचं आठवलं म्हणून त्याला कागदावर लिहून विचारलं, लाइन क्लिअर तुझ्या नावावर टाकायची का माझ्या. त्यानं लिहिलं, दोघांच्या टाक. तर तशी टाक. तुझ्या मॅडमना सांग, अर्थ विचारला तर रजिस्टरात आहे तेवढाच लिहिला आहे, बाकीचा घरचा आहे.

त्याच्यासोबत भैय्याजी पण आला होता. सहासष्टचा झाला, गुडघे तुझ्या आजीसारखे. तो माझ्या पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, दोघांनी धरून उभा केला. गाडी त्याची मुलगी चालवत होती, हर्षा. खापरखेड्याला शाळेत शिकवते. तिच्या कडेवर चार वर्षांची पोरगी होती. ती माझ्या मांडीवर येऊन बसली आणि माझ्या खिशातलं मशीन काढून कानाला लावू लागली.

तरुण माणूस भेटलं की मी जन्मसाल विचारतो, तुला माहीत आहे. तसंच हर्षाला विचारलं. तिनं मोठ्यानं सांगितलं, मला ऐकू आलं नाही. मग तिनं माझ्या तळहातावर बोटानं लिहिलं, सत्त्याण्णव. मी चौऱ्याण्णवपासून मोजलं. मांडीवरच्या पोरीकडं पाहिलं. मग चष्मा आणतो म्हणून आत गेलो. चष्मा डोळ्यांवरच होता, हे सगळ्यांनी पाहिलं असेल.

आत धान्याच्या कोठीजवळ उभा राहून मी रडलो, पोरी. लग्नाला बावन्न वर्षं झाली, तुझ्या आजीनं मला पहिल्यांदा रडताना पाहिलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, बाहेर चला, ते लेकरू तुम्हाला शोधून राहिलं आहे.

माया आहेच, ती अशीच पत्रातून येऊ दे.

तुझा,
आबाजी